जीपवरचा माळा

महादेवराव गावंड्यांनी जीपच्या टपावर तंबू बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यात कोणाचंच वाईट व्हावं असा त्यांचा हेतू नव्हता. सरकारी बांधकाम खात्यातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आयुष्यात एवढंच कळतं की काम नियमानुसार व्हावं, आणि पडायचंच असेल तर ते दुसऱ्याच्या सहीनं पडावं. इथं सही करायला दुसरं कोणी नव्हतं. अडचण तिथूनच सुरू झाली.

खरं म्हणजे तंबू त्यांच्या बायकोला, माणिकबाईंना हवा होता. तंबू असा शब्द त्या बोलल्या नव्हत्या. एका दुपारी डाळ निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, "लहानपणी मी बाबाच्या वावरात माळ्यावर बसत होती. जवारी राखाले. हातात गोफण, न खालून कोणी कितीबी हाका मारल्या तरी उतरू नाई. लग्न झाल्यापासून मी उंचावर कधी बसलीच नाई, पाहा."

माळा म्हणजे शेतात चार खांब रोवून वर बांधलेली राखणीची मचाण. माणिकबाईंचं माहेर परतवाड्याच्या अलीकडचं. वावर आता भाऊ नत्थुजी कसत होते, पण त्यात ना माळा उरला होता ना जवारी. जवारी पेरली तर रोही आणि रानडुकरं खातात, त्यांच्यातून वाचली तर बाजारात कोणी विचारत नाही, म्हणून साऱ्या शिवारानं कपाशी आणि सोयाबीन धरलं होतं. त्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली. ते पुढं येईलच.

महादेवरावांना बायकोचं बोलणं लागलं. एवढ्या संसारात तिची ही पहिलीच मागणी, आणि तीही सोन्याची नाही, साडीची नाही, काशीयात्रेची नाही, नुसती उंचीची. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. जावयाला डोंगरात भटकायची हौस होती आणि त्याच्याकडे गाडीच्या टपावर बसवायचा एक तंबू जुना होऊन पडला होता. पेटीसारखा मिटतो, उघडला की फुलतो, बाजूनं शिडी सोडायची आणि वर दोन माणसांनी झोपायचं. आचलनं, म्हणजे लेकीनं, "बाबा, जपून हं" असं सांगून तो ट्रान्सपोर्टनं पाठवून दिला. जीप महादेवरावांकडे होतीच. निवृत्तीनंतर परतवाड्याहून घेतलेली, चारही चाकांना जोर देणारा दांडा असलेली आणि तो दांडा एकदाही न ओढलेली.

"तुले माळा पाहिजे न? चाकाचा माळा देतो तुले," महादेवराव म्हणाले.

"नत्थूच्या वावरात नेऊन उभा करा म्हणजे झालं," माणिकबाई म्हणाल्या आणि त्यांनी डाळीतला खडा बाजूला टाकला. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

तंबूसोबत एक माहितीपुस्तिका आली होती. महादेवरावांनी ती लाल पेन घेऊन वाचली. तिचं सार असं की, टपाचा एक भार उभ्या गाडीचा आणि एक धावत्या गाडीचा, आणि दोन्ही वेगळे. गाडी उभी असताना टप दोन माणसांना सहज तोलून धरतो. धावताना मात्र वळणावर, खड्ड्यात, ब्रेक दाबल्यावर तेच ओझं टपाला ओढत असतं, म्हणून धावत्या टपावर मोजकंच वजन ठेवायचं. हे ज्ञान त्यांनी अमरावतीतल्या आपल्या कॉलनीत वाटायला सुरुवात केली. "उभ्या गाडीवर हत्ती चालते," ते सांगत, "पण धावत्या गाडीवर मांजर बी मोजून घ्या लागते."

शेजारचे पंजाबराव निवृत्त तलाठी. सल्ला देण्याच्या बाबतीत ते अजून निवृत्त झाले नव्हते. "तंबू कायले? पाण्याची टाकी बसवा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहाची गरज नाही." त्यांनी जीपला एक फेरी मारली, मग आवाज खाली आणून विचारलं, "वहिनीसोबत काही झालं काय? नाही, घर एवढं मोठं असून तुमी टपावर झोपाची तयारी करून राहिले, म्हणून विचारलं."

कॉलनीतल्या प्रत्येकानं हा प्रश्न आपापल्या पद्धतीनं विचारला. महादेवरावांनी पहिल्या दोघातिघांना भाराचं शास्त्र समजावलं. नंतर ते नुसतंच "नाही" म्हणू लागले, आणि त्यामुळे संशय पक्का झाला.

टपाला कॅरिअर लागणार होतं. वलगाव रोडवर अब्दुल सत्तार यांचं वेल्डिंगचं दुकान. सत्तारभाईंनी पुस्तिका उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि परत दिली. "साहब, ये किताब रहने दो. परतवाडा-धारणीच्या जीपा आपणच बनवल्या. त्याच्या कॅरिअरवर दहा सवारी, दोन बकऱ्या न एक नवरदेव बसून जाते. तुमचा तंबू कायले पडते?"

"दहा सवारी धावत्या गाडीवर?"

"उभ्या गाडीवर कोण बसते, साहब? उभ्या गाडीचं भाडं भेटते काय?"

सत्तारभाईंनी मन लावून काम केलं. जाड लोखंडी अँगलचं कॅरिअर, कोपऱ्यांना पट्ट्या, मध्ये आडवे दांडे, आणि समोर, आपल्या समाधानासाठी, लोखंडाचाच एक मोर. ते टपावर चढवायला दुकानातली सगळी माणसं आणि बाजूच्या पानठेल्यावरची गिऱ्हाइकं लागली. महादेवरावांना तेव्हाच शंका आली. ते जीप घेऊन जिनिंगच्या काट्यावर गेले. कापसाच्या ऐन दिवसांत तिथं गाड्यांची रांग असायची. त्या वर्षी काटेवाला एकटाच खुर्ची टाकून बसला होता. कोणीतरी काहीतरी मोजायला आलं याचाच त्याला इतका आनंद झाला की त्यानं जीप दोनदा मोजली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: धावत्या टपावर जेवढं वजन चालतं, तेवढं एकटं कॅरिअरच होतं. तंबूला जागा उरली नव्हती.

"तुमालेच मजबूत पाहिजे होतं न?" सत्तारभाई म्हणाले.

"मजबूत पाहिजे होतं, पण त्याच्यावर तंबूबी ठेवाचा होता न!"

एकाच्या कलेचा अपमान झाला होता आणि दुसऱ्याच्या शास्त्राचा. दोघांचा अबोला चांगला आठवडाभर टिकला. शेवटी माणिकबाईंनीच डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा भरून महादेवरावांना दुकानावर धाडलं. सत्तारभाईंनी भाकर खाल्ली, कॅरिअर उतरवलं, मोर कापून दुकानाच्या पाटीवर लावला, आणि टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायची जी पन्हळ असते तिला क्लॅम्प धरून हलक्या पाइपच्या दोन आडव्या नळ्या बसवल्या. त्यावर तंबूची पेटी, खालून बोल्ट, बोल्टला दुहेरी नट. मग स्वतः वर चढून त्यांनी तंबूत तीन उड्या मारल्या. महादेवरावांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

दुकानावर पाहायला आलेल्या माणिकबाईंनी शिडीच्या अर्ध्यावर हात पोचवून सत्तारभाईंना वरच चहा दिला. मग नवऱ्याला विचारलं, "मी कधी चढू जी?"

"पक्कं झाल्यावर," महादेवराव म्हणाले.

ते प्रेमानंच म्हणाले होते, हे इथं नमूद केलं पाहिजे. बायकोला कच्च्या कामावर चढवायचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. बाकी जगाच्या बाबतीत ते एवढे काटेकोर नव्हते.

संध्याकाळी जीप घरी आली आणि पोर्चसमोर थांबली. पोर्च महादेवरावांनी स्वतः काढलेल्या नकाशाप्रमाणे, स्वतः उभं राहून, स्लॅबवर स्वतः पाणी मारून बांधलेला. तंबूची पेटी त्या स्लॅबपेक्षा चार बोटं उंच होती. महादेवरावांनी टायरमधली हवा कमी करून पाहिली. मागच्या सीटवर पंजाबरावांना आणि आणखी तिघांना बसवून जीप दाबून पाहिली. पंजाबराव म्हणाले, "स्लॅब कापा." हे ऐकून महादेवराव जे आत गेले ते जेवायलाच बाहेर आले. जीप गल्लीत राहिली, ती पंजाबरावांच्या फाटकासमोर.

तिथं ती राहिल्यामुळे पंजाबरावांचा तिच्यावर हक्क निर्माण झाला. एका दुपारी ते "पाहतो फक्त" म्हणून वर चढले आणि गादीवर आडवे झाले. तासाभरानं त्यांच्या घरचे त्यांना शोधू लागले, कोणी देवळात गेलं, कोणी दवाखान्यात. अखेर घोरण्याचा आवाज आभाळातून येतोय हे कोणाच्या तरी लक्षात आलं. उतरल्यावर पंजाबराव म्हणाले, "हवा लय सुंदर लागते. तुमी बसल्या काय वहिनी?" माणिकबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली उभ्या होत्या. "मी पक्कं झाल्यावर," त्या म्हणाल्या.

मग परवानगीचा प्रश्न आला. कोणी विचारलं नव्हतं, पण महादेवराव सरकारी माणूस. न विचारता केलेलं काम त्यांना कामच वाटत नसे. ज्या कार्यालयात ते गेले त्याचं नाव इथं घेत नाही. तिथल्या बाबूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सामान आहे की बांधकाम?"

"तंबू आहे."

"काढता येतो?"

"बोल्ट काढले तर येतो."

"मग सामान. पण त्यात माणूस झोपतो म्हणता?"

"झोपतो."

"मग सामान कसं? माणूस झोपतो ते घर. घराचं काम आमच्याकडे नाही." बाबूनं त्यांना गावातल्या दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथं सांगितलं की घराला चाकं नसतात, चाकाचं काम पहिल्याकडे. महादेवरावांनी आयुष्यभर हेच संवाद टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं म्हटले होते. अलीकडून ते इतके लांब वाटतात याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी पहिल्या बाबूनं तोडगा काढला: तो रविवारी स्वतः पाहायला येईल. आला, पोराबाळांसह. सगळी वर चढली, फोटो काढले, चहा-पोहे वर मागवून घेतले, आणि उतरून बाबू म्हणाला, "परवानगीची गरजच नाही. आधीच सांगणार होतो."

माणिकबाईंनी बशा गोळा केल्या. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही, आणि महादेवरावांना ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी त्याच रात्री जाहीर केलं: येत्या शनिवारी नत्थुजींच्या वावरात. पक्कं. पहिली तूच चढशील.

आता हे इथंच थांबलं असतं. पण लेकीच्या सासऱ्यांच्या, अकोल्याच्या रामरावांच्या कानावर न घालता एवढी मोठी गोष्ट करायची कशी? व्याह्यांना मान द्यायचा असतो. महादेवरावांनी फोन केला, म्हणाले, "शनिवारी रोडग्याचा बेत आहे, या तुमीबी." ही रीत होती. आपण या म्हणायचं, त्यांनी काम आहे म्हणायचं, आपण फारच हळहळायचं आणि फोन ठेवायचा. रामराव म्हणाले, "येतो. तंबू आपल्या पोराचाच आहे, पाहायलाच पाहिजे."

रामराव हे निवृत्त प्राचार्य. सफारी सूट, काळा चष्मा आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. अमरावतीचं काहीही दाखवलं की त्यांच्या अकोल्यात ते आधीच आणि मोठं असे. अकोल्याच्या उन्हाचाही अभिमान बाळगणारा दुसरा माणूस महादेवरावांच्या पाहण्यात नव्हता. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरी राहिल्या, आणि रामराव एकटेच मूर्तिजापूरमार्गे सकाळी येऊन ठेपले. जीपमध्ये ते पुढं बसले. माणिकबाई मागे, पिठाचा डबा आणि वांग्यांची पिशवी घेऊन.

पुस्तिकेत लिहिलं होतं की पहिल्या प्रवासात थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळून पाहावेत. महादेवरावांनी ते वलगावला पाहिले, त्याच्या पुढच्या पुलावर पाहिले, आसेगावला पाहिले. प्रत्येक ठिकाणी जीप थांबे, पाना निघे, रामराव घड्याळ पाहत. "एवढ्यात मी अकोल्याहून नागपूर गाठलं असतं," ते म्हणाले.

"त्या गाडीच्या डोक्यावर घर नसते न, इवाईबुवा," मागून माणिकबाई व्याह्यांना म्हणाल्या.

वावरात पोचल्यावर महादेवरावांनी गवंड्याची पाणसळ काढली. जीप सपाट उभी पाहिजे, नाहीतर वरच्यांचा भार एका बाजूला जातो. काळी जमीन, तिला भेगा. जीप इकडून सारखी केली की तिकडून झुके. नत्थुजी दगड आणून चाकांखाली घालत होते. शेवटी पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आला, चाकं दगडांनी जखडली, तंबू उघडला, शिडी तिरपी लावून पक्की टेकवली. भगव्या कापडाचा तंबू ओसाड कपाशीवर असा उभा राहिला की अर्ध्या कोसावरून दिसावा.

माणिकबाई रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवत होत्या. त्यांनी हात झटकले, पदर खोचला आणि शिडीकडे आल्या.

आणि इथं महादेवरावांच्या हातून ती चूक झाली. रामराव बाजूलाच उभे होते. मान द्यायची सवय हाडात मुरलेली, तोंडातून आपोआप निघून गेलं, "या, इवाईबुवा, पहिले तुमी."

यावर समोरच्यानं "छे छे, वहिनींना चढू द्या" म्हणायचं असतं. आपण पुन्हा आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नाही म्हणायचं, आणि दोघांची अब्रू राखून ज्याला जायचं त्यानं जायचं. वऱ्हाडात हे शाळेत न शिकवताही सर्वांना येतं. पण रामराव म्हणाले, "बरं, एवढं म्हणता तर," आणि चढायला लागले.

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं. माणिकबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि त्या गोवऱ्यांकडे परत गेल्या. महादेवरावांना स्वतःची लाज वाटली. तंबूत घातलेले सगळे महिने त्यांनी एका वाक्यात दुसऱ्याला देऊन टाकले होते.

रामराव वर ऐसपैस बसले, फोटो काढून पुण्याला पाठवला, आणि अकोल्याची दिशा कोणती ते विचारलं. तेवढ्यात बांधावरून माणसं येताना दिसली. आधी दोन, मग आठ-दहा. प्रत्येकाच्या हातात कपाशीची बोंडं. पुढं डोक्याला रुमाल बांधलेला एक म्हातारा. त्यानं जीपकडे, तंबूकडे आणि काळ्या चष्म्यातल्या रामरावांकडे नीट पाहून नमस्कार केला. "पाहणीचं पथक आलं म्हणे."

"नाही बाप्पा," महादेवराव म्हणाले, "आमी सरकारी नाही. मी होतो, आता नाही. आमी रोडगे खाले आलो."

"मागचे बी असंच म्हणत होते," म्हातारा शांतपणे म्हणाला. त्यानं एक बोंड फोडून महादेवरावांच्या तळहातावर ठेवलं. आत कापूस नव्हता. काळपट सरकी आणि तिच्यात वळवळणारी गुलाबी अळी. "सारं वावर असं. पुरं शिवार असं."

खरी गोष्ट सांगायची ती रामरावांनी सांगायला हवी होती. पण तीस वर्षं व्यासपीठावरून बोललेल्या माणसाला खाली माणसं जमलेली दिसली की राहवत नाही. "शेतकरी बंधूंनो," वरून आवाज आला, "मला परिस्थितीची पूर्ण जाणीव आहे."

"इवाईबुवा!" महादेवराव खालून कुजबुजले. कुजबुज वर पोचली नाही.

"साहेब," म्हातारा म्हणाला, "खाली उतरून पाहान काय? चार तासं सोडून पुढच्या ओळीत याच्यापेक्षा बेकार हाय."

रामरावांनी शिडीकडे पाहिलं. ते चढताना समोर तंबू होता. आता समोर नुसती हवा होती आणि तिच्या तळाला काळी माती. त्यांनी एक पाय पुढं केला, मागे घेतला, आणि गादीच्या मध्यावर सरकले. "मला वरूनच दिसतं," ते म्हणाले.

"हो," म्हातारा म्हणाला, "वरून सगळंच बरं दिसते."

रोडगे झाले. मोठे साहेब जेवायलाही उतरेनात. माणिकबाईंनी शिडीच्या अर्ध्यावर ताट पोचवलं. ताट वर जाताना पाहून गर्दीतल्या एकानं दुसऱ्याला समजावलं, "मोठा असला की नाई उतरत. पण मागच्या पथकातल्या साहेबानं गाडीची काच बी खाली नाई केली. हे निदान मुक्कामाले तरी आले." महादेवरावांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ते "आमी पथक नाही" असं प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होते आणि प्रत्येक जण त्यांच्या हातावर आणखी एक बोंड ठेवत होता. ते नाही म्हणू शकले नाहीत. एकेक फोडून पाहिलं, किती पाणी दिलं, फवारणी कधी केली, विचारलं. काय करणार होते ते? काहीच नाही. तरी त्यांना तिथून हलवेना.

शेवटी वरून एक बारीक आवाज आला. शेवटच्या बाकापर्यंत न जाणारा, रामरावांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "महादेवराव, जरा इकडे या. माझे पाय चालत नाहीत हो."

व्याह्याच्या बाबतीत वाटू नये असा एक आनंद महादेवरावांना झाला, आणि तो लपवत त्यांनी शिडीला हात घातला. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की शिडीवर एका वेळी एकच माणूस, असा नियम आहे. आणि हेही, की आपलेही गुडघे फारसे उत्सुक नाहीत. ते उतरले. नत्थुजी म्हणाले, "दोर आणू काय?"

माणिकबाईंनी पदर पुन्हा खोचला.

"अगं, थांब," महादेवराव म्हणाले, "अजून पक्कं..."

"सत्तारभाई चढले, पंजाबराव झोपले, त्या बाबूची पोरं नाचली," माणिकबाई शिडीवरून म्हणाल्या. "आता पक्कं व्हाचं काय राह्यलं जी?" आणि बघता बघता त्या वर होत्या. वय त्यांचं वर जाताना कुठल्या पायरीवर राहिलं ते कोणाला दिसलं नाही.

"इवाईबुवा, इकडे पाहा. वावराकडे पाठ करा. तोंड माह्याकडे. माळ्यावरून असंच उतरते, पोटाच्या बाजूनं. चष्मा काढा. आता डावा पाय. खाली पाहू नका, माह्याकडे पाहा. हं, आता उजवा." तंबूच्या दारात गुडघे टेकून, एका हातानं रामरावांच्या सफारीची कॉलर धरून, त्या लहान मुलाला उतरवावं तशा बोलत राहिल्या. क्लॅम्प कुरकुरले, पण नळ्या जागच्या हलल्या नाहीत. महादेवराव शिडी धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बायकोसाठी की दुहेरी नटांसाठी हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

रामरावांचे बूट मातीला लागले. म्हाताऱ्यानं रुमाल सारखा केला. "साहेब लोकाईले खाली उतरवाचं म्हणजे बाईच पाहिजे," तो म्हणाला, आणि त्या वर्षी त्या शिवारात कोणी हसलं असेल तर ते तेव्हा.

मग सगळं उलगडलं. रामरावांनी आपण अकोल्याचे निवृत्त प्राचार्य असल्याचं कबूल केलं, आवाज न चढवता. महादेवरावांनी ओंजळभर बोंडं म्हाताऱ्यापुढं धरली. "बाप्पा, आमच्यानं काही होणार नाही. आमी खरंच कोणी नाही."

"राहू द्या," म्हातारा म्हणाला. "फोडून तर पाह्यलं तुमी." नत्थुजींनी सगळ्यांना बसवलं. रोडगे पुरले, कारण वऱ्हाडात पीठ पाहुणे मोजून मळत नाहीत.

जेवणं झाली. लोक बांधावरून परत गेले. ऊन कलायला लागलं. रामरावांचा आवाज हळूहळू परत येत होता, त्यांनी घसा खाकरून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, आता चहा झाला म्हणजे निघू."

तेव्हा कुठं महादेवरावांच्या लक्षात आलं की माणिकबाई उतरल्याच नाहीत. तंबूच्या दारात त्या पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"वहिनी, चहा," रामराव पुन्हा म्हणाले.

"चूल खालीच हाय, इवाईबुवा," माणिकबाई म्हणाल्या, "न तुमीबी खालीच हात." त्यांनी वाकून शिडी वर ओढून घेतली.

रामराव महादेवरावांकडे पाहू लागले. महादेवराव चुलीजवळ गेले, राख बाजूला केली, आधण ठेवलं. चहा करायला त्यांना येत नव्हता. साखर किती, हे विचारायला त्यांनी मान वर केली आणि विचारलं भलतंच. "काय दिसते वरून?"

माणिकबाईंनी चौफेर नजर फिरवली. वाळलेली कपाशी, पलीकडे सोयाबीनचं कापलेलं रान, त्याच्या पलीकडे परतवाड्याच्या मागचे डोंगर. पाखरू नव्हतं. "जवारी तं कुठंच नाई दिसत. राखाले काहीच नाई राह्यलं जी," त्या म्हणाल्या. "तरी बसावं वाटते."

महादेवरावांनी चहा उकळू दिला. मग पेला हातात घेऊन ते जीपजवळ जाऊन उभे राहिले. तंबू दोन माणसांचा होता. ते त्यांनीच कॉलनीभर सांगितलं होतं. त्यांनी आवाज हळू केला, रामरावांना ऐकू जाऊ नये एवढा. "मी येऊ काय वर?"

माणिकबाईंनी खाली पाहिलं. नवऱ्याकडे, पेल्याकडे, मग टपाच्या पन्हळीला धरलेल्या क्लॅम्पकडे, एकेक करून.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आधी पक्कं हाय का नाई, ते पाहू द्या मले."